कडक गावात मऊ डोनट

"मधी भोक कशाला ठेवलंय?" अण्णांनी खोक्यात डोकावत विचारलं. "आन् भोकाचेबी पैसे लावले का त्यानं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९. गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे मागांवर, उभी हयात गेली. गिरणी बंद पडली, सवय मात्र राहिली. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उजेडाकडं धरायची. कापड असेल तर कुठं विरळ आहे ते बघायचं, नोट असेल तर तार बघायची. डोनटही त्यांनी खिडकीकडं धरला. भोकातून पलीकडचं कॅलेंडर दिसलं असावं, कारण लगेच म्हणाले, "आज पाणी यायचा वार हाय की. टाकीचं झाकण काढलं का?"

झाकण काढलं नव्हतं. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात डोनटपेक्षा ते महत्त्वाचं, म्हणून मी उठून गच्चीवर गेलो. परत आलो तोवर टेबलावर जे घडलं होतं ते सांगायचं आहे, पण त्याआधी हा खोका घरात आला कसा ते सांगायला हवं.

कल्पना लेकीची. ती पुण्यात नोकरी करते. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत न चुकता येते, शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरते आणि रविवारी परत. शनिवारी सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "बाबा, जुळे सोलापूरला एक गॉर्मे डोनटवाला आलाय. जाऊ या." मला ऐकू आलं 'गोरमेंट'. म्हटलं, आता डोनटपण रेशनवर द्यायला लागले की काय. ती इतकी हसली की चहा सांडला. मग समजावून सांगितलं की गॉर्मे म्हणजे चवीनं खाणाऱ्यांसाठी जरा विचार करून केलेलं. मी म्हटलं, मग ते तर तुझी आई रोज करते, तिला कुणी गॉर्मे म्हणत नाही.

डोनट मला नवा नव्हता. आमच्या लहानपणी बेकरीत त्या नावाची एक वस्तू मिळायची. खारी आणि क्रीमरोलच्या खालच्या ट्रेमध्ये पडलेली असायची, वर पिठीसाखर भुरभुरलेली, आत काही नाही. सकाळी घेतली तर पाव, संध्याकाळी घेतली तर टोस्ट. चहात बुडवल्याशिवाय ती घशाखाली जात नसे, आणि बुडवली तर कपात तळाला जाऊन बसे. पुढं पुण्यात लेकीच्या ॲडमिशनच्या वेळी एका मॉलमध्ये खाल्ला. गुलाबी रंगाचा होता. गुलाबी एवढंच आठवतं, चव आठवत नाही. त्यामुळं शनिवारी मी निघालो तो तिला बरं वाटावं म्हणून.

आमचं गाव कडक. ऊन कडक, भाकरी कडक आणि बोलणं त्याहून कडक. 'काय बे' नं सुरू होणारं वाक्य मायेचं असू शकतं हे बाहेरून बदलून आलेल्या माणसाला कळायला दोन-दोन वर्षं लागतात. कडक भाकरीबद्दल तर किती सांगावं. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, मग पार वाळवून टणक करायची. डब्यात भरली की महिना-महिना हलत नाही. प्रवासाला निघालेला सोलापूरकर आणि त्याच्या पिशवीतली वर्तमानपत्रात गुंडाळलेली कडक भाकरी, सोबत शेंगा चटणीची पुडी, हे चित्र सगळ्या महाराष्ट्रानं रेल्वेच्या डब्यात पाहिलेलं आहे. खाताना आवाज होतो आणि समोरचा माणूस वर बघतो. मऊ म्हणून आमच्याकडं एक टॉवेल तेवढा. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, म्हणून ते मऊपण माझ्या पोटापाण्याचं आहे. खाण्यातलं मऊपण मात्र आम्ही आजारी माणसासाठी राखून ठेवलेलं. मऊ भात म्हटलं की आम्ही आधी ताप किती आहे ते विचारतो.

दुकान म्हणजे एक गाळा. आधी तिथं झेरॉक्सचं दुकान असणार, कारण शटरच्या कडेला 'लॅमिनेशन करून मिळेल' ही अक्षरं अजून पुसट दिसतात. तीन स्टुलं, एक काचेचं कपाट, मागं कढई आणि पडद्याआड कुणीतरी लसूण सोलत बसलेलं. दारावर 'शंभर टक्के एगलेस' अशी पाटी, देवाच्या नावाच्या वर. ते बरोबरच आहे. लिंगायत, जैन, मारवाडी, गुजराती अशी गिऱ्हाइकं असलेल्या गावात अंडं घालून गोड पदार्थ विकायचा म्हणजे अर्धा गाव आधीच वजा करून बसायचं. पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा. पुण्यात एका हॉटेलच्या बेकरी विभागात होता, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आला तो इथंच राहिला.

फळ्यावर खडूनं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं. शेंगा चटणी-गूळ. हुरडा-दही. डाळिंब-सैंधव. कडक भाकरी-चॉकलेट. गुलकंद-पान. पुरण. आणि शेवटी एक काळाकुट्ट, त्याचं नाव अमावस्या.

"साधा नाही का?" मी विचारलं.

"साधा म्हणजे कसा, काका?"

"काहीच नसलेला."

लेकीनं कपाळाला हात लावला. पण माझं यावर ठाम मत आहे. खाणावळ कशी आहे ते आमटीवरून कळतं, इडलीवाला कसा आहे ते नुसत्या इडलीवरून. वरचा साज नंतर. पोराला मात्र राग आला नाही, उलट बरं वाटलेलं दिसलं. म्हणाला, "थांबा की मग पाच मिनिटं, ताजाच काढतो."

ती पाच मिनिटं मी कढईजवळ उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी जे आवडलं त्यातलं निम्मं तिथंच आवडलं. पीठ मैद्याचंच, दूध, लोणी, थोडी साखर आणि यीस्ट घालून मळलेलं. फुगलेल्या चकत्या ट्रेमध्ये झोपलेल्या बाळांसारख्या. त्या हातानं उचलल्या तर बसतात, म्हणून प्रत्येकीखाली कागदाचा चौकोन, कागदासकट तेलात सोडायची आणि कागद चिमट्यानं ओढून घ्यायचा. तेलात थर्मामीटर लावलेला. १८० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं म्हणाला. त्याच्या खाली गेलं तर पीठ तेल पितं, वर गेलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चं. डोनट टाकला तसा तरंगला, कारण आत हवाच हवा. एका बाजूनं तळून उलटला की दुसरी बाजू तळते, पण कंबरेचा जो भाग कायम तेलाच्या वर राहतो तो पांढराच राहतो. गोलाकार पांढरा पट्टा, चादरीच्या किनारीसारखा. "हा पट्टा दिसला पायजे काका. न्हाई दिसला तर समजायचं पीठ नीट फुगलं न्हाई, बुडालं." आमच्याकडं टॉवेलच्या काठावरून माल पास होतो की नापास ते ठरतं, त्यामुळं हे मला फार पटलं.

उन्हाळ्याचं विचारलं तर हसला. थंडीत पीठ वर यायला दोन तास लागतात, आणि मे महिन्यात म्हणे अर्ध्या तासात डोक्यावर बसतं. बर्फाच्या पाण्यात मळावं लागतं. वरचा पाक तर वाळतच नाही, माणसाला फुटावा तसा डोनटला घाम फुटतो. पहिल्या उन्हाळ्यात दुपारचं दुकान बंदच ठेवलं त्यानं.

साधा डोनट चांगला होता. एवढंच त्याच्याबद्दल.

भोकाचं उत्तर मला तिथंच मिळालं, घरी अण्णांना देता आलं ते त्यामुळंच. पीठ गोल गोळ्याचं तळलं की कडा तळून होतात आणि मधला भाग कच्चा राहतो. मध्ये भोक पाडलं की उष्णता दोन्हीकडून जाते. याचं श्रेय अमेरिकेत मेन राज्यातल्या हॅन्सन ग्रेगरी नावाच्या दर्यावर्द्याला देतात. १८४७ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, जहाजावरच्या मिरपुडीच्या डब्याचं झाकण घेऊन आपण डोनटच्या मध्यावर पहिलं भोक पाडलं, असं या कॅप्टननं म्हातारपणी वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं. हे लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि मला आमचं जुनं घर आठवलं.

आम्ही पूर्व भागात राहायचो. एका बाजूला पद्मशाली कुटुंब, घरात चार यंत्रमाग, बोलणं तेलुगू. दुसऱ्या बाजूला कन्नड बोलणारं लिंगायत घर. सणाच्या दिवशी पद्मशाली घरातल्या अम्मा गारेलु करायच्या. उडदाचं वाटलेलं पीठ ओल्या पिशवीवर थापायचं, अंगठ्यानं मध्ये भोक पाडायचं आणि हात पालथा करून तेलात सोडायचं. दारात पोरं दिसली की "रा, तिनु". पलीकडच्या अव्वा दिवाळीत कोडबळी करायच्या. आमच्या कडबोळ्यांची ती बहीणच, तांदळाच्या पिठाची, मध्ये मोकळी, बांगडीएवढी. त्या म्हणायच्या "बा, तिन्नु". आई म्हणायची "या, खावा". तीन भाषांत ये आणि खा, आणि तिन्ही पदार्थांना मध्ये भोक. मी ते बोटात घालून गल्लीभर फिरायचो. कॅप्टनला भोकासाठी जहाज, समुद्र आणि मिरपुडीचा डबा लागला. अम्मांना अंगठा पुरला, आणि कुणी वर्तमानपत्रवाला त्यांना विचारायला आला नाही.

असो. चवींकडं येतो, कारण लेक तोवर सगळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे करून बसली होती.

डाळिंब फसलेलं होतं. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब, भगवा वाण, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सगळं खरं. पण डाळिंबाचं सुख दाणा दाताखाली फुटण्यात आहे. त्याचा रस काढून, आटवून, पिठात भरला की उरतं काय? लाल गोडवा. शिवाय रसानं पीठ ओलं झालेलं, खालून बोट लागलं तर आत जात होतं. वर चार दाणे ठेवले होते, ते मी वेचून खाल्ले, बाकीचं लेकीकडं सरकवलं.

हुरडा-दही मला मनापासून आवडावा असं वाटत होतं. जानेवारी महिना, हुरडा ऐन भरात. पोरानं कोवळे दाणे दह्याच्या चक्क्यात वाटून भरलेले, रंग सुरेख पोपटी. पण हुरडा हा काही नुसता दाणा नव्हे. शेतात खड्डा, त्यात गोवऱ्यांची आगटी, कणीस भाजून गरम गरम तळहातावर चोळायचं, हात भाजतो म्हणून या हातातून त्या हातात करायचं, फुंकर मारायची, आणि दाण्याबरोबर थोडी राखही पोटात जायची. ती राख इथं नव्हती. मी पोराला तसं म्हटलं. तो म्हणाला, "राख घालून बघितली काका, अन्न तपासणारे एफएसएसएआयवाले काय म्हणतील?" चेष्टाच करत होता, पण घालून बघितली असेलही.

गुलकंद-पान म्हणजे लग्नातल्या बडीशेपेच्या ताटलीचा वास. पान हल्ली आइस्क्रीमपासून चॉकलेटपर्यंत सगळीकडं घुसवतात, त्याला आता कोण वेगळं म्हणणार. पुरणाचा डोनट मी खाल्ला नाही, कारण पुरणपोळीला जे जमलंय त्यात मैदा आणि पाक घालून कुणाचं भलं होणार ते मला कळलं नाही. लेकीनं खाल्ला. तिचं मत माझ्यापेक्षा बरं होतं, पण तिनं संपवला नाही एवढं मी नोंदवून ठेवतो. आणि अमावस्या? खाऊन जीभ काळी होते. चव काहीच नाही. पोरं फोटो काढतात म्हणून ठेवलाय, असं त्यानं स्वतःच कबूल केलं.

या चमत्कारिक चवींची साथ अमेरिकेतच सुरू झाली. लेकीकडं त्याचीही माहिती तयार. पोर्टलंड शहरात २००३ मध्ये उघडलेल्या एका दुकानानं डोनटवर मेपलचा पाक लावून वर डुकराच्या खारवलेल्या मांसाची तळलेली पट्टी ठेवली आणि लोक रांगा लावू लागले. त्याच दुकानानं सुरुवातीच्या काळात खोकल्याचं आणि पोटदुखीचं औषध घातलेले डोनटही विकले होते, ते मग आरोग्य खात्यानं बंद करायला लावले. मला यातला फरक लगेच कळला. गोड पाकावर खारट, धुरकट, कुरकुरीत काहीतरी ठेवणं यात जिभेचं गणित आहे. औषध घालणं हा नुसता तमाशा. अमावस्या त्या औषधाच्या जातीचा.

आणि कडक भाकरी-चॉकलेट त्या पट्टीच्या जातीचा. वर जाड कडवट चॉकलेट, आणि त्यावर कडक भाकरीचा जाडसर चुरा, चिमूटभर मीठ मारलेला. इथं मी खरोखर थांबलो. मऊ पिठात दात जातात आणि वरून भाकरी वाजते. ज्वारी भाजल्याचा वास चॉकलेटच्या कडूपणाला असा जाऊन मिळतो की वाटावं हे दोघं शाळेपासून ओळखीचे आहेत. भाकरी मालदांडीची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेला मालदांडी ३५-१ हा वाण आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या रब्बीला पेरतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालंय. पोराला विचारलं, भाकरी कुठली? म्हणाला, "मावशीची. डब्यात तळाला तुकडे राहतात न्हवं, त्याचं काय करायचं म्हणून सुरू केलं." चांगल्या गोष्टी बहुतेक तळाच्या तुकड्यांतूनच सुरू झालेल्या असतात. आमच्या कारखान्यातही चिंध्यांची पायपुसणी टॉवेलपेक्षा नफा देतात.

राहिला शेंगा चटणी-गूळ. हा भरलेला, म्हणजे याला भोक नाही. आत काही भरायचं तर भोक पाडून कसं चालेल. बाजूला नळीनं टोचल्याची खूण आणि तिथून लालसर ठिपका बाहेर डोकावलेला. लेकीनं मोबाइल माझ्या तोंडावर रोखला, माझा चेहरा कसा होतो ते टिपायला. शेजारच्या स्टुलावर एक गृहस्थ होते, ते आपला चहा विसरून बघायला लागले.

आधी गूळ लागला. पाक पातळ, ओठाला चिकटणारा. मग मऊ पीठ. मग बराच वेळ काहीच नाही, आणि एकदम मागून लसूण आला. लसणामागं मिरची. तोंडात गूळ असताना लसूण येतो तेव्हा काय वाटतं ते सांगणं कठीण आहे. देवळाच्या गाभाऱ्यात कुणीतरी शीळ घालावी तसं. मी गिळलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय बे हे, चटणी तर घरी फुकट हाय की."

दुसरा घास मी हट्टानं घेतला, आणि मग उलगडायला लागलं. गूळ-शेंगदाणे आपण लहानपणापासून मुठीनं खाल्लेले. दही-चटणी तर रोजच्या ताटातली. दोन्ही जोड्या ओळखीच्या. फक्त या दोन जोड्या एका पंगतीला कधी बसल्या नव्हत्या. पोरगा पडद्याकडं बघत म्हणाला, चटणी आई कुटते. ती मग मिक्सरला अगदी लोण्यासारखी वाटून चक्क्यात फेटतो. आधी क्रीममध्ये घालून बघितली, तर दाण्याचं तेल सुटून सगळं फाटलं. लसूण कच्चा घातला तर गोडाबरोबर उग्र होतो, म्हणून तेलात परतून घेतो. आत साखरेचा कण नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला जमलं म्हणे. तसं बघायला गेलं तर मिरची आणि शेंगदाणा दोघंही अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलेले. तेव्हा डोनटला परका म्हणताना आमच्या चटणीनं आपल्या आजोळाचं नाव न काढलेलं बरं.

साधा एक, भाकरीचा एक आणि चटणीचे दोन असे चार डोनट खोक्यात घालून घेतले. साधा साठ रुपये, भरलेला नव्वद. एवढ्यात किती भाकऱ्या येतात याचा हिशेब मी केला नाही, घरी तो करणारा माणूस होता.

आता अण्णांचं सांगायचं तर त्यांच्या कवळीपासून सुरुवात करावी लागेल. चार वर्षांपूर्वी बसवली. त्यानंतर कडक भाकरी आमटीत भिजवून खायला लागले, त्याची तक्रार कधी केली नाही. पण शेंगा चटणी सुटली. चटणी म्हणजे कुटलेले दाणे, त्यात बारीक कण असतोच, आणि खालच्या कवळीखाली एक कण गेला की माणसाला जेवण सोडून उठावं लागतं. दह्यात कालवून झालं, तेलात कालवून झालं, कण काही विरघळत नाही. बायकोनं किती वेळा म्हटलं, "अण्णा, मिक्सरला बारीक करून देते." तर उत्तर ठरलेलं, "मिक्सरात चटणी होत न्हाई सूनबाई, पीठ होतंय. चटणी कुटायची असती." त्यांचं चूक नाही. मुसळानं दाणा चेपला जातो, तेल सुटतं, चटणीचे तेलकट गोळे होतात. मिक्सरचं पातं दाणा कापतं, तेल आतच राहतं. पण चार वर्षं चटणी न खाता नुसतं बरोबर असणं हे अण्णाच करू जाणे. जेवताना बरणी त्यांच्या ताटापाशी लागते. उघडत नाहीत. हलवूही देत नाहीत.

मी टाकीचं झाकण काढून, पाइप सोडून खाली आलो तेव्हा साधा डोनट बशीत तसाच होता. भाकरीच्या डोनटवरचा चुरा कुणीतरी टोकरून बाजूला ठेवलेला. आणि चटणीचा डोनट चाकूनं मधोमध चिरून, दशमी उघडावी तसा उघडून, अण्णा चमच्यानं आतलं काढून खात होते. घाई नव्हती. चमचा तोंडात धरून थोडा वेळ थांबत होते.

"लसूण परतलाय," म्हणाले.

"होय."

"कुणी केलीय?"

"त्या पोराच्या आईनं."

"कुटलीय?"

मी बायकोकडं बघितलं. तिनं खिडकीकडं बघितलं.

"कुटलीय," मी म्हणालो. पुढचं सांगितलं नाही.

दुसऱ्या डोनटचंही तेच झालं. रिकामी टरफलं त्यांनी संध्याकाळच्या चहाबरोबर खाल्ली, "पाव बरा हाय" असा शेरा मारून. भोकाचं कारण मी समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग गारेलुच की ते," आणि विषय संपवला. कॅप्टनचं नाव घ्यायचीही वेळ आली नाही.

मंगळवारी मी कामावर निघालो तर चपला घालेपर्यंत दारात येऊन उभे. "त्या पोराकडं ते आतलं नुसतं मिळतंय का, विचार की."

विचारलं. पोरगा आधी गोंधळला, मग हसला, मग आतून आईला हाक मारून विचारलं किती लावायचे. प्लास्टिकच्या छोट्या गोल डबीत भरून दिलं, झाकणावर दुकानाचं चिकटपत्र. पहिल्यांदा पैसेच घेईना, पुढच्या वेळी चाळीस रुपये घेतले. तिसऱ्या वेळी गेलो तर शटर खाली, गावाकडं लग्न आहे, आठ दिवस बंद. मी रिकाम्या हातानं घरी आलो. बायकोनं काही न बोलता फोन लावला आणि पोराकडून प्रमाण लिहून घेतलं.

आता अण्णा संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर गेले की आमच्याकडं मिक्सर लागतो. चटणी, चक्का, परतलेला लसूण, दोन चमचे तेल. त्याच डबीत भरायचं, झाकणावरचं चिकटपत्र निघू नये म्हणून डबी वरून न भिजवता धुवायची. दुकान परत उघडून आता तीन आठवडे झाले. मी मात्र तिकडं भाकरी-चॉकलेट खायला तेवढा जातो.

परवा रात्री जेवताना अण्णांनी चमचा खाली ठेवला.

"आज मीठ कमी पडलंय. त्या पोराला सांग, आईला म्हणावं हात आखडू नको."

"सांगतो," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी होती. "आणि तेलाचं काय, अण्णा? बरोबर हाय का, तेबी सांगायला होईल त्यांना."

अण्णांनी अजून एक चमचा घेतला. बराच वेळ लावला.

"तेल बरोबर हाय."